टिंगलवाल्या बातम्या बघून राजकारण कळतं, की नुसतं कळल्यासारखं वाटतं?

निवांत_पेठकर (धागाकर्ता)

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलं होतं, आई म्हणाली नगरसेवकाला फोन लाव. मी रुबाबात मोबाईलमधे नंबर शोधायला लागलो तर म्हणते, "अरे कुठला नगरसेवक, मुदत संपून सव्वा वर्ष झालं, प्रशासक आहे आता. पेपर वाचत जा जरा." पुणे मनपाची मुदत मार्च २०२२ मधे संपली होती आणि मला, म्हणजे ऑफिसात ज्याला सगळे "तुझं पॉलिटिक्स भारी आहे हां" म्हणतात त्या मला, पत्ता नव्हता. आणि लाज वाटायची खरी गोष्ट पुढेच आहे, त्याच आठवड्यात मी कँटीनमधे दोन जणांना अमेरिकेतले पोलीस गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच लोकांची रोकड आणि गाड्या कशा जप्त करू शकतात ह्यावर वीस मिनिटं लेक्चर झोडलं होतं. कारण जॉन ऑलिव्हर ह्या अमेरिकेतल्या विनोदी बातम्यावाल्याचा एपिसोड बघितलेला.

तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. मी ह्या प्रकाराचा जुना गिऱ्हाईक आहे. शाळेत असताना एनडीटीव्ही इंडियावर 'गुस्ताखी माफ'च्या बाहुल्या, मग सायरस ब्रोचाचा 'द वीक दॅट वॉझन्ट', मग यूट्यूब आल्यावर अमेरिकेतले जॉन स्टुअर्टचा 'डेली शो', कोलबेअर, ऑलिव्हर. ह्यातून मला काहीच कळलं नाही असं अजिबात म्हणणार नाही. कोलबेअरचं सुपर पॅक (निवडणुकीसाठी कितीही पैसा गोळा करून खर्च करू शकणारी संस्था) प्रकरण आठवा. २०१० च्या कोर्टाच्या निकालानंतर अमेरिकेत कंपन्यांना निवडणुकीत वाट्टेल तेवढा पैसा ओतायची वाट मोकळी झाली, अट एवढीच की उमेदवाराशी संगनमत नको. आता हे पेपरात वाचलं असतं तर दुसऱ्या पॅराला झोप लागली असती. ह्या माणसाने काय केलं, २०११ मधे स्वतःच एक सुपर पॅक काढला, खरोखर निवडणूक आयोगापुढे जाऊन परवानगी आणली, ट्रेव्हर पॉटर नावाचा वकील, जो स्वतः एकेकाळी त्याच आयोगाचा अध्यक्ष होता, त्याला शोमधे बसवून एकेक फॉर्म भरला, लोकांकडून दहा लाख डॉलरच्या वर गोळा केले. मग जानेवारी २०१२ मधे अध्यक्षपदाला उभा राहायचं नाटक करायचं म्हणून तो पॅक कॅमेऱ्यासमोर जॉन स्टुअर्टच्या हवाली केला, आणि संगनमत अजिबात नाहीये बरं का, असं दोघं एकमेकांच्या शेजारी बसून सांगत होते. कायद्यातलं भोक किती मोठं आहे ते दाखवायला तो स्वतः त्यातून आरपार गेला. ह्याला मी शिकवणं म्हणतो.

पण असं किती वेळा होतं? बाकी वेळ नेता अडखळला, नेता झोपला, नेत्याने चुकीचा आकडा सांगितला, हा हा हा, पुढचा व्हिडिओ. हसून झालं की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि मी झोपतो.

तुमचं काय? खरंच काही कळलंय का अशा शोमधून, ठोस एखादं उदाहरण द्या. "लोकशाहीत विनोद आवश्यक आहे" टाइप निबंध नकोत, ते दहावीत लिहून झालेत.

खवचट_कावळा

मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, तात्या येऊन आता संशोधन टाकणार.

तर्कट_तात्या

टाकणारच. कावळ्याने आधीच काव केलं म्हणून मी थांबू का.

दोन अभ्यास समोरासमोर ठेवतो. प्यू रिसर्चने २००७ मधे लोकांना चालू घडामोडींचे प्रश्न विचारले होते. डेली शो आणि कोलबेअर बघणाऱ्यांपैकी ५४ टक्के लोक वरच्या गटात निघाले, मोठ्या वर्तमानपत्रांच्या वेबसाइट वाचणाऱ्यांइतकेच. झालं, सगळीकडे बोंब, विनोदी शो बघा आणि शहाणे व्हा. पण अहो, ज्याला सिनेट म्हणजे काय ते माहीतच नाही त्याला सिनेटवरचा जोक कळणार कसा? तो चॅनल बदलणार. म्हणजे शहाणे लोक तिथे गोळा होतात, शो त्यांना शहाणं करतो असं त्यातून सिद्ध होत नाही. कोंबडी आधी का अंडं आधी.

दुसरा अभ्यास तुमच्या चेंबरच्या जास्त जवळचा आहे. बॉमगार्टनर आणि मॉरिस, २००६. कॉलेजच्या पोरांना डेली शोच्या क्लिप दाखवल्या. क्लिप बघितल्यावर बुश आणि केरी, २००४ चे अध्यक्षपदाचे उमेदवार, दोघांबद्दलही पोरांचं मत खराब झालं, निवडणूक व्यवस्थेवरचा आणि बातम्यांवरचा विश्वास घटला, पण "मला राजकारण समजतं" हा स्वतःबद्दलचा विश्वास वाढला! सगळे चोर आहेत आणि मला सगळं कळतं. हे दोन्ही एकत्र. आपल्याकडे ह्या अवस्थेला पानाची टपरी म्हणतात.

आणि तुमच्या सुपर पॅकला मात्र पूर्ण मार्क. त्यावर पेनसिल्व्हेनियाच्या ॲननबर्ग सेंटरचा अभ्यास २०१४ मधे आला, निवडणुकीतल्या पैशाच्या नियमांबद्दल कोलबेअरच्या प्रेक्षकांना सीएनएन, फॉक्स बघणाऱ्यांपेक्षा जास्त माहिती होती. पण त्याने एकच विषय महिनोन्महिने लावून धरला होता. शिक्षक तेच करतो.

सोनचाफा

ठोस उदाहरण हवंय ना, घ्या. नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या साइटना सारखंच वागवायचं.

१ जून २०१४ ला ऑलिव्हरने तेरा मिनिटं ह्या विषयावर घालवली, तेव्हा हा शब्द ऐकून माणूस जांभई द्यायचा. केबल कंपन्यांसाठी एकेकाळी लॉबिंग केलेल्या माणसालाच त्यांच्यावर लक्ष ठेवायला नेमलंय, म्हणजे बाळ सांभाळायला डिंगो ठेवल्यासारखं, असं म्हणाला (डिंगो म्हणजे ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा). शेवटी प्रेक्षकांना सांगितलं, जा आणि सरकारी साइटवर कमेंटी टाका. एफसीसीची (अमेरिकेतली दूरसंचारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) कमेंटची यंत्रणा बसली. एफसीसीच्या त्या अध्यक्षाला पत्रकारांपुढे "मी डिंगो नाही" असा खुलासा करावा लागला, आणि फेब्रुवारी २०१५ मधे नियम झाला, ३ विरुद्ध २.

आपल्याकडे लगेच एप्रिल २०१५ मधे एआयबी ह्या विनोदी ग्रुपने त्याच धर्तीवर व्हिडिओ केला, ट्रायला (आपल्याकडची एफसीसी) ईमेल पाठवा. दहा लाखांच्या वर ईमेल गेले, एक माझा पण होता, आयुष्यात सरकारी कार्यालयाला लिहिलेलं पहिलं पत्र. फेब्रुवारी २०१६ मधे ट्रायचा आदेश आला, वेगवेगळ्या साइटना वेगवेगळे डेटाचे दर लावायचे नाहीत, फेसबुकला ठरावीक साइट फुकट देणारं फ्री बेसिक्स गुंडाळावं लागलं. मला हा विषय आधी शून्य माहीत होता आणि नंतर समजला आणि मी काहीतरी केलं. पेठकर, तुम्ही झोपता हा शोचा दोष नाही हो.

तर्कट_तात्या

सोनचाफाताई, ईमेल तुम्ही स्वतः लिहिला होतात की तयार मजकूर होता, बटण दाबलं की गेला?

सोनचाफा

तयार होता. दोन ओळी माझ्या घातल्या होत्या. 🙂

तर्कट_तात्या

मग अमेरिकेतला पुढचा भाग पण सांगा की. २०१७ मधे सरकार बदललं, तोच नियम काढायला निघाले, ऑलिव्हरने परत एपिसोड केला, साइट परत बसली. एफसीसी म्हणाली सायबर हल्ला झाला, पुढच्या वर्षी त्यांच्याच चौकशीत निघालं की हल्लाबिल्ला नव्हता, ऑलिव्हरचे प्रेक्षक होते. पण खरी गंमत पुढे. त्या खेपेला दोन कोटी वीस लाखांच्या आसपास कमेंटी आल्या आणि न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे त्यातल्या जवळपास एक कोटी ऐंशी लाख खोट्या होत्या. ८५ लाख इंटरनेट कंपन्यांच्या पैशाने, लोकांच्या नावावर त्यांना न विचारता. आणि ७७ लाख एका १९ वर्षांच्या कॉलेजच्या पोराने एकट्याने दुसऱ्या बाजूने टाकल्या! डिसेंबर २०१७ ला नियम गेला, परत ३ विरुद्ध २. २०२४ ला परत आला, जानेवारी २०२५ ला कोर्टाने उडवला. म्हणजे ऑलिव्हरने दार दाखवलं आणि त्या दारातून सगळं गाव घुसलं.

एडिसनचा_अण्णा

इकडे जर्सीत पंचवीस वर्षं काढली, ह्यातलं बरंचसं लाइव्ह बघितलंय, म्हणून थोडं लांब लिहितो, बायको झोपलीय.

२००४ चा ऑक्टोबर, बुश विरुद्ध केरी. सीएनएनवर क्रॉसफायर नावाचा कार्यक्रम असायचा, एक डावा एक उजवा आणि नुसती आरडाओरड, आपल्याकडे आता रोज रात्री नऊला जे चालतं त्याचा आजोबा. स्टुअर्टला पुस्तकाच्या प्रमोशनला बोलावलं आणि हा माणूस जोक सोडून त्यांच्या अंगावरच गेला, तुम्ही देशाचं नुकसान करताय, हे बंद करा म्हणाला. जानेवारीत सीएनएनने कार्यक्रम बंद करणार असं जाहीर केलं आणि त्यांचा बॉस उघड म्हणाला की स्टुअर्टचं मला पटतं. आम्ही पोरं तेव्हा ढगात होतो. पण त्याच भांडणात समोरचा म्हणाला की बाबा तूही केरीला मऊमऊ प्रश्न विचारलेस, तेव्हा स्टुअर्टचं उत्तर काय, माझ्या शोच्या आधी बाहुल्या लोकांना फोन करून खोड्या काढतात, मला कसले पत्रकारितेचे नियम लावता!

हे तेव्हा टाळ्याखाऊ वाटलं. नंतर विचार केला तर हा सरळसरळ आपला सोंगाड्या आहे. तमाशातला सोंगाड्या राजाला नाही नाही ते बोलतो आणि राजा चिडला की म्हणतो, जाऊ द्या महाराज, आम्ही काय, गंमत केली. त्याला ते माफ असतं कारण तो वगात आहे, फड उठला की तो घरी जातो. पण इथे लोक ह्या सोंगाड्याला विचारूनच मत देणार असतील तर त्याने सोयीप्रमाणे मुंडासं घालायचं आणि सोयीप्रमाणे काढायचं हे चालेल का, मला अजून ठरवता आलं नाहीये.

तरी त्या माणसाला सलाम. ९/११ ला ढिगारा उपसणारे अग्निशमनवाले फुफ्फुसं गमावून बसले होते, त्यांच्या उपचाराचं बिल अडकलं होतं, कोणी चॅनल दाखवत नव्हतं. डिसेंबर २०१० मधे स्टुअर्टने त्यातल्या चौघांना स्टुडिओत बसवलं आणि बोलू दिलं, जोक जवळजवळ नाहीच. आठवड्याभरात बिल पास झालं. २०१९ ला निधी परत आटला तेव्हा संसदेच्या समितीपुढे साक्षीला गेला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून भडकला. तिथे तो सोंगाड्या नव्हता.

आणि इकडची आत्ताची हवा सांगतो. जुलै २०२५ मधे कोलबेअरने आपल्याच मालक कंपनीने ट्रम्पशी केलेल्या १ कोटी ६० लाख डॉलरच्या तडजोडीला ऑन एअर लाच म्हटलं. तीन दिवसांनी जाहीर झालं की त्याचा शो मे २०२६ ला बंद. कारण दिलं पैशाचं. असेलही, लेट नाइटचा धंदा बसलाय हे खरंच आहे. सप्टेंबरात जिमी किमेल ह्या दुसऱ्या शोवाल्याला आठवडाभर बसवून ठेवलं, लोकांनी त्याच्या चॅनलच्या मालकाच्या डिस्ने प्लसची वर्गणी बंद करायला सुरुवात केली, मग परत आणलं. ज्या गोष्टीने काही फरक पडत नाही तिच्यामागे कोण कशाला लागेल, हा आपला माझा एक प्रश्न.

हडपसरचा_हरी

अण्णा, दंडवत. लांब लिहीत जा, वहिनींना झोपू द्या.

शेवटच्या प्रश्नाला रशियाचं उदाहरण बसतं. एनटीव्हीवर 'कुकली' म्हणून बाहुल्यांचा कार्यक्रम होता, १९९४ पासून, येल्त्सिनची यथेच्छ टर उडवायचे. १९९५ ला खटलापण झाला, पण चालू राहिला. २००० च्या सुरुवातीला त्यांनी पुतिनला एका जुन्या जर्मन गोष्टीतला कुरूप बुटका दाखवला, जो लोकांना जादूने देखणा दिसतो. २००१ मधे चॅनल गाझप्रोम ह्या सरकारी गॅस कंपनीच्या ताब्यात गेलं, २००२ मधे कार्यक्रम संपला. इजिप्तमधे टीव्हीवर टिंगलीचा शो करणारा बासेम युसुफ, मूळचा हार्ट सर्जन, तेव्हाचे अध्यक्ष मोर्सींची टोपी घालून आला म्हणून २०१३ ला चौकशी झाली, जामीन भरावा लागला, आणि मोर्सींना हटवून लष्कर आल्यावर तर वर्षभरात दुकानच बंद. मोर्सींच्या काळात खटला आणि जनरलच्या काळात शांतता. कोणाची कातडी किती जाड ते मोजायचं हे चांगलं यंत्र आहे. आपल्याकडे मार्च २०२५ ला खारच्या स्टुडिओत काय झालं ते लिहीत नाही, धागा उडेल.

खवचट_कावळा

लिहिलंस की.

सगळे अमेरिका, रशिया, इजिप्त फिरून आले. घरातलं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. व्यंगाचा राजकारणावर परिणाम होतो का हे महाराष्ट्राने विचारावं? १९६० साली एका व्यंगचित्रकाराने 'मार्मिक' काढलं, उद्घाटन दस्तुरखुद्द मुख्यमंत्री यशवंतरावांच्या हस्ते. हसा म्हणाले, लोक हसले. मग त्यात कंपन्यांमधल्या अमराठी साहेबांच्या नावांच्या याद्या यायला लागल्या, 'वाचा आणि थंड बसा'. लोक वाचून थंड बसले नाहीत, आणि १९६६ मधे शिवसेना. व्यंगचित्राच्या साप्ताहिकातून निघालेला पक्ष, पुढे राज्याची सत्ता. आता सांगा तात्या, ह्यात लोकांची राजकीय समज वाढली का घटली? मी फक्त काडी टाकून बाजूला होतो.

तर्कट_तात्या

त्या याद्यांत जोक नव्हता हे लक्षात घे. जोकने माणसं जमवली आणि याद्यांनी कामाला लावली. बाकी उत्तर देणार नाही, माझं बीपी वाढतं.

मालवणी_खाजा

माझो अनुभव वेगळो हा. (बस, मालवणी एवढीच, पुढे सगळ्यांना कळेल असं लिहिते.)

आमच्या घरी सासरे एका बाजूचे आणि नवरा दुसऱ्या. आज तकवर ते 'सो सॉरी'चे ॲनिमेशन यायचे ना, नेत्यांची गाणी वगैरे, दोघं शेजारी बसून तेच बघायचे आणि दोघं खो खो हसायचे, आणि मी चहा घेऊन आले की दोघं मला वेगवेगळं सांगायचे की बघ, तुझ्या सासऱ्यांच्या लाडक्याची कशी उतरवली, बघ तुझ्या नवऱ्याच्या साहेबाची कशी उतरवली. एकच क्लिप! मला तेव्हा वाटायचं आमचंच घर असं आहे. मग कुठेतरी वाचलं, अमेरिकेत २००९ मधे ओहायोच्या संशोधकांनी कोलबेअरबद्दल हेच बघितलं होतं. तो उजव्या अँकरची नक्कल करायचा, तर उजव्या विचाराच्या प्रेक्षकांना वाटायचं की हा वरवर जोक करतोय, पण मनातून आपलाच आहे. हसणं दोघांचं सारखंच.

म्हणून पेठकरभाऊ, कळतं का हा प्रश्नच मला जरा वेगळा वाटतो. आधीच जे कळलेलं असतं तेच परत गोड लागतं.

एडिसनचा_अण्णा

खाजाताई, हे बेस्ट होतं. आमच्याकडे हसन मिन्हाजचं तसं झालं. देसी पोरगा, नेटफ्लिक्सवर 'पेट्रियट ॲक्ट', सौदीवरचा एपिसोड सौदीत काढून टाकायला लावला तेव्हा आमची मुलं त्याला देवच मानायची. मग २०२३ मधे न्यूयॉर्करने छापलं की त्याच्या स्टँडअपमधले स्वतःवर बेतलेले किस्से बरेचसे रचलेले होते. तो म्हणाला भावना खऱ्या आहेत. माझी मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. मी तिला म्हटलं अगं कीर्तनकार पण किस्से रचतात, तर म्हणाली बाबा, कीर्तनकार मागे ग्राफ दाखवत नाही.

निवांत_पेठकर (धागाकर्ता)

मुलीला एक वडापाव माझ्याकडून.

सगळ्यांचं वाचलं. सोनचाफा, मान्य, झोपतो तो मी. पण बघा ना, धाग्यात आलेली उदाहरणं, सुपर पॅक, नेट न्यूट्रॅलिटी, अग्निशमनवाले, ह्यात एक तर विषय एकच आणि बारका होता, आणि करायचं काय ते ठरलेलं होतं. "सगळं राजकारण" असा विषय घेतला की नुसती टिंगल उरते. शिवाय ऑलिव्हरच्या एचबीओसारख्या जाहिरात नसलेल्या चॅनलवर पगारी रिसर्चवाले आठवडा आठवडा एका विषयावर बसतात, ती चैन मराठीत कोणाला परवडणार? आपल्या मनपाच्या स्थायी समितीवर तेरा मिनिटं कोण करणार आणि कोण बघणार? त्यात हसण्यासारखं आहे तरी काय.

माजी_हेडक्लार्क

मी वाचनमात्र असतो, पण शेवटच्या वाक्यामुळे लिहितो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. एका महापालिकेत (नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे) नगरसचिव कार्यालयात ३१ वर्षं काढली.

रीत अशी असते. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला सादर करतात. समितीत १६ सभासद, सगळे नगरसेवक, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. समिती त्यात आपापल्या वॉर्डातली कामं घुसवते, उत्पन्नाचा आकडा फुगवते म्हणजे खर्चाला जागा होते, मग अध्यक्ष ते मुख्य सभेपुढे मांडतात, तिथे रात्री उशिरापर्यंत भाषणं, शेरोशायरी, मग मंजूर. आयुक्त म्हणतात एवढे पैसे नाहीत, नगरसेवक म्हणतात आहेत. ह्या ओढाताणीत शहर चालतं.

मग २०२२ च्या सुमारास मुदत संपल्यावर स्थायी समिती राहिली नाही, मुख्य सभा राहिली नाही. दोघांचे अधिकार प्रशासकाकडे. आणि प्रशासक कोण, तर आयुक्तच. म्हणजे आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करायचं, ते स्थायी समिती म्हणून स्वतःलाच सादर करायचं, स्वतःच छाननी करायची आणि मुख्य सभा म्हणून स्वतःच मंजूर करायचं. हजारो कोटींचं. पुण्यातच नाही, मुंबईसकट राज्यभर बऱ्याच ठिकाणी, वर्षानुवर्षं हे असं चाललं. तरी कागद सगळे रीतसर निघायचे, विषयपत्रिका वगैरे. माझे जुने सहकारी सांगायचे.

खवचट_कावळा

काका थांबा थांबा. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात ना? ते कोण मग?

माजी_हेडक्लार्क

आमच्या चहाच्या टपरीवर हाच प्रश्न होता. एकाने सुचवलं होतं की साहेबांनी एकदा डावा हात वर करावा आणि एकदा उजवा.

सोनचाफा

😂😂 मी ऑफिसात मोठ्याने हसले. पेठकर, घ्या तुमची तेरा मिनिटं.

हडपसरचा_हरी

आणि आम्ही इकडे ट्रेव्हर पॉटर शोधतोय. काका, पुढचा भाग लिहा, फुगवलेला आकडा नंतर कुठे जातो ते. वेगळा धागा काढा हवं तर.

माजी_हेडक्लार्क

मंगळवारनंतर. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.

निवांत_पेठकर (धागाकर्ता)

काका, काळजी घ्या, घाई नाही. तुमचा प्रतिसाद आत्ता आईला वाचून दाखवला, दोन्ही हात वर करून ॲक्शनसकट. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "हे पेपरात आलं होतं की तेव्हाच. तुला दाखवलं पण होतं, तू कानात ते घालून बसला होतास."

खवचट_कावळा

काकूंना आयडी काढून द्या.